समोरासमोर ठेवलेला बाक

मी बोलतोय तो चर्चमधला सगळ्यात मागचा बाक. मान सगळा पुढच्या बाकांना. माझ्या वाट्याला उशिरा येणारे आणि लवकर सटकणारे. पण खरं सांगू, माणसं बघायची तर मागूनच!

सुताराने माझी पाठ मुद्दाम ताठ केली. "उपदेशात कुणी पेंगायला नको," असं पाळकसाहेबांनी त्याला बजावलं होतं. काही उपयोग झाला नाही. पेंगणारे ताठ बसूनही पेंगतात आणि 'आमेन'ला बरोब्बर जागे होतात. हे त्यांना कसं साधतं, देव जाणे.

मला याहून मोठं कोडं होतं. इतका उपदेश ऐकून माणसं घरी जातात, मग तो उपदेश जातो कुठे? मी पडलो जमिनीला स्क्रूने जखडलेला, दाराबाहेरचं मला काय कळणार?

माझ्या कडेला एक बसड्रायव्हर बसायचा. त्याचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी काय थाट होता! गाणी, टाळ्या, गळाभेटी. पुढच्या रविवारपासून त्याला कुणी विचारलं नाही. नव्या विश्वासणाऱ्यांना शिकवायचा शिष्यवर्ग इथेच, पण बुधवारी संध्याकाळी, आणि याची ड्युटी आज पहाटे तर उद्या संध्याकाळी. एकदा बिचारा रजा काढून वर्गाला गेला. तिथे त्याला सगळ्यांसमोर प्रार्थना करायला सांगितली आणि त्याची बोबडीच वळली. चर्चचे खजिनदारकाका फिसकन हसले.

एका रविवारी उपासना संपली तरी तो उठेना. पाळकीणबाई खिडक्या लावत होत्या. त्यांना म्हणाला, "बाई, आता मी येत नाही. मला हे जमायचं नाही." मला फार वाईट वाटलं. वजन नुसतं वजन नसतं हो, सवय होते माणसाची.

बाई तडक वेदीजवळ उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, पाळकसाहेबांकडे गेल्या. "अहो, त्या माणसाला बाप्तिस्मा देऊन पाण्यातून वर काढलंत आणि मागच्या बाकावर ठेवून दिलंत! नुकत्या जन्मलेल्या मुलाला कुणी असं ठेवतं का?"

"वर्ग घेतोय की मी!"

"तुमच्या सोयीने घेताय."

साहेब ड्रायव्हरजवळ येऊन म्हणाले, "मला एक रविवार द्या."

तो रविवार उजाडला. उपासना संपताच साहेबांनी स्वतः माझे स्क्रू काढले आणि मला पुढे नेऊन, वळवून पहिल्या बाकासमोर ठेवलं. काका धावतच आले. "वेदीकडे पाठ? शोभतं का हे?"

"उपासनेला सरळ ठेवू, काका. नंतर थोडा वेळ माणसांना माणसांकडे बघू दे."

ड्रायव्हर माझ्यावर, साहेब समोर. हातात कागद नाही, पाठीमागे फळा नाही. "आठवडा कसा गेला?" एवढंच त्यांनी विचारलं.

"साहेब, डोळे मिटून प्रार्थना करायला गेलो की झोपच लागते."

"मलाही लागते," साहेब म्हणाले. अरेच्चा! हे मला नवीनच होतं.

तेव्हापासून साहेब ड्युटीच्या आधी डेपोच्या कँटीनमध्ये जाऊ लागले. चहा, बायबलमधल्या शुभवर्तमानातली येशूची एक गोष्ट, आणि ती आज बसमध्ये कशी जगायची याची चर्चा. रविवारी ड्रायव्हर सांगायचा, "दारात लोंबकळणाऱ्याला काल शिवी दिली नाही. ओठावर आली होती." उपदेश कुठे जातो ते मला कळू लागलं.

मग एकदा काका 'सहज बघायला' म्हणून समोर टेकले. साहेब आजारी माणसाकडे गेले होते, दोघंच उरले. ड्रायव्हरने विचारलं, "काका, आठवडा कसा गेला?"

"झकास!" म्हणाले काका, आणि खिशातला फोन काढून पुन्हा आत ठेवला. "मुलगा बोलत नाही रे माझ्याशी. फोन उचलत नाही."

ड्रायव्हर सरकत माझ्या टोकाशी गेला. पळतो की काय, मी घाबरलो. पण त्याने डोळे उघडेच ठेवले आणि म्हणाला, "देवा, काकांच्या मुलाला फोन उचलू दे. तोवर काकांना फोन करत राहायची हिंमत दे. मला एवढंच येतं."

काकांनी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

मुलाने अजून फोन उचललेला नाही. दोघं मात्र दर रविवारी बसतात. फिरवून फिरवून माझा एक पाय लुळा झालाय. दुरुस्त करा, पण मला पुन्हा जखडू नका. आणि तुम्ही कधी आलात तर मागेच या. ड्रायव्हर तुमचा आठवडा विचारेल. त्याला खरं सांगा, तो हसणार नाही.