दोन तासांची सुट्टी

मोबाइलवर पाळणा दिसत होता आणि पाळण्यात कुणी नव्हतं.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ज्ञानेश्वरी दुपारी मनस्वीला भरवायला स्वयंपाकघरात घेऊन बसते आणि तिथे कॅमेरा नाही. मी मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि समोरचं इनव्हॉइस वाचायला लागले. आंब्याच्या पल्पचा कंटेनर दुसऱ्या दिवशी निघायचा होता. दोन ओळी वाचल्या आणि मोबाइल पुन्हा सुलटा केला. पाळणा तसाच. पाळण्याशेजारच्या खुंटीवर मनस्वीची पिवळी टोपी असते. ती तिथे नव्हती.

स्वयंपाकघरात टोपी कशाला लागते?

फोन लावला. बंद. परत लावला. बंद. ज्ञानेश्वरीचा फोन कधी बंद नसतो, कामाला ठेवतानाच मी तिला तसं बजावलं होतं. "एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, पण माझा फोन चुकवायचा नाही." ती हसली होती. "ताई, तुम्ही दिवसातनं एवढे फोन करणार, मग बाळाला बघू कधी?"

टेबलाखाली मोबाइल धरून मी कॅमेऱ्यातलं मागचं रेकॉर्डिंग लावलं. ज्ञानेश्वरी दिसली. अंगात इस्त्रीचा निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. असली तयारी करून ती आमच्याकडे कधी येत नाही. तिने पिशवीत दुधाची बाटली घातली, लंगोट घातले, मनस्वीला टोपी घातली, कडेवर घेतलं. दारापर्यंत गेली, थांबली आणि वळून थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. काहीतरी बोलली ती. आमच्या कॅमेऱ्याला आवाज नाही. स्वस्तातला घेतला होता.

मग दार लागलं आणि त्यानंतर नुसती खोली. पंख्याच्या वाऱ्याने पाळण्याची दोरी हलत होती. ती हलणारी दोरी मी किती वेळ बघत बसले, कोण जाणे.

उठून सरळ गुरुप्रसाद सरांच्या केबिनमध्ये जायचं, सांगायचं, माझं बाळ घरात नाही. कुणीही हेच करेल. मला ते करता येत नव्हतं.

मिरजोळे एमआयडीसीतल्या या कंपनीत मी डॉक्युमेंटेशनला लागले, त्याला तीन महिने होत होते. अजून कायम केलेलं नव्हतं. बाळंतपणामुळे मधे गॅप पडलेली. मुलाखतीच्या आधी मनस्वीला पाजता पाजता मी करिअरच्या सल्ल्याचे कितीतरी व्हिडिओ बघितले होते. सगळ्यांचं सांगणं एकच, लग्न आणि मूल हे विषय आपणहून काढू नका, विचारलंच तर घरून पूर्ण सपोर्ट आहे म्हणा. गुरुप्रसाद सरांनी विचारलंच. "सीझनमध्ये उशीर होतो हं मॅडम. घरी लहान वगैरे?" मी म्हटलं, "सासूबाई असतात सर, काही अडचण नाही." त्यांनी याचा काय अर्थ घेतला, ते मी विचारलं नाही. सासूबाई असतात मंडणगडला, आपल्या दोन म्हशी आणि दुखरे गुडघे घेऊन. नवरा, विनोद, मुंबईला. घरी असते ती ज्ञानेश्वरी.

तरीही गेले केबिनमध्ये.

"सर, मला जरा घरी जावं लागेल. सासूबाईंना बरं नाहीये."

सरांनी मान वर केली नाही. "गेल्या महिन्यात पण त्यांनाच बरं नव्हतं ना? जपा हो त्यांना. फार नाजूक दिसतात."

"सर, अर्जंट आहे."

"कंटेनरला सांगू का थांब म्हणून? सानिका मॅडमच्या सासूबाई पडल्यात." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं. "जा. पण कागद संध्याकाळच्या आत मेलवर पाहिजेत. आणि फोन उचला."

बाहेर ऊन रणरणत होतं. कंपनीच्या जांभ्याच्या कुंपणाला धरून मी रिक्षेची वाट बघत उभी राहिले. हाताला चटका बसत होता तरी हात काढला नाही, काढला असता तर खाली बसले असते.

रिक्षेत डोक्यात काय काय आलं ते लिहवत नाही. या मुलीबद्दल मला काय माहीत होतं? देवरूखकडची, बीएस्सी झालेली, इथे मावशीकडे राहते. ती मावशी मी कधी बघितली नव्हती. मिक्सर घेताना चार दुकानं फिरले होते मी, आणि मूल कुणाच्या हातात द्यायचं ते एका फोनवर ठरवलं, कारण सोमवारपासून कामावर यायचं होतं. शेजारून स्टेशनच्या दिशेने एक रिक्षा गेली, तिच्यात मागे काहीतरी निळं दिसलं. मी ओरडले, "ओ, त्या रिक्षेच्या मागे घ्या!" आमच्या रिक्षावाल्याने वेग वाढवला. जवळ गेलो तर निळी ताडपत्री, आत कसल्याशा पेट्या. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. "काय झालं ताई?" मला सांगता येईना. विनोदला फोन लावला नाही. लावला असता तर ते खरं झालं असतं.

घराचं कुलूप नीट लावलेलं होतं. उघडून आत गेले, सगळ्या खोल्या बघितल्या. पाळण्यातली चादरसुद्धा उचलून बघितली. एवढ्या लहान पाळण्यात चादरीखाली ती लपलेली असेल असं मला वाटलं, म्हणजे मी कुठल्या अवस्थेत होते बघा. ओट्यावर पेजेची वाटी पालथी घातलेली, घासून, धुऊन. ती वाटी बघून मला जास्तच भीती वाटली. आवराआवर करून गेली होती ती. परत न येणारं माणूसही असंच आवरून जातं.

खाली तुळसाकाकू राहतात. पायरीवर बसून ओले काजू सोलत होत्या, डिकाने हात काळे.

"काकू, मनस्वी... ज्ञानेश्वरी कुठे गेली बघितलंत?"

"ती? गेली की गो मघाशी रिक्षातनं. बाळ नुसतं खिदळत होतं."

"कुठे गेली पण?"

"एमआयडीसी म्हणाली रिक्षावाल्याला. मी म्हटलं, तुझ्याकडेच आणत असेल पोरीला." काकूंनी काजू तसाच हातात धरला. "का गो? तुला ठाऊक नाय?"

"माझ्याकडे नाही आली. तिला ओळखीचं कोणी भेटलं होतं का? कोण होतं बरोबर?"

"एकटीच होती. नटलेली मात्र बेस. मी चिडवलं पण, काय गो, मुलगा बघायला चाललीस की काय? आणि पायात ते काळे बूट, पोलिसासारखे. एवढ्या उन्हाचे बूट कोण घालतं? चपला नाहीत काय तुला, तर म्हणते, काकू, चपला तिथे चालत नाहीत."

मी रिक्षेकडे निघाले होते, ती तिथेच थांबले.

चपला चालत नाहीत. आमच्या कंपनीतही लॅबच्या मुली बंद बूट घालतात. अॅसिड सांडतं, फरशी ओली असते. चपला घालून आलेल्या मुलीला गेटवरून परत पाठवतात.

मग एकेक आठवत गेलं. थोड्या दिवसांपूर्वी तिने मला विचारलं होतं, "ताई, तुमच्या कंपनीत लॅबला मुली घेतात का हो?" मी मोबाइल चार्जिंगला लावत होते. "सध्या काही नाही वाटतं," म्हटलं. खरं तर मी कुणाला विचारलंही नव्हतं. आणि आदल्या संध्याकाळी ती दारात पायाने पाय खाजवत उभी होती. "उद्या दुपारी दोन तास सुट्टी मिळेल?" "कशाला?" "काम होतं जरा." "नेमकी उद्याच? माझे कंटेनरचे कागद आहेत ज्ञानेश्वरी. पुढच्या आठवड्यात बघू." ती बरं म्हणाली. मुलाखत आहे असं म्हणाली नाही. का नाही म्हणाली, ते मला कळायला हवं होतं. दुसरी नोकरी बघताय हे आहे त्या ठिकाणी कळू देऊ नका. त्याच व्हिडिओंत हेही सांगतात.

पण हा झाला माझा अंदाज. अंदाजावर कुणाचं काळीज जागेवर येत नाही. रिक्षावाला अजून बाहेरच होता. "परत एमआयडीसी," म्हटलं. आता त्याने काही विचारलं नाही.

पहिल्या गेटवर नाही म्हणाले. दुसऱ्यावर वॉचमनच नव्हता. मी आत घुसले, कुणीतरी हटकलं, बाहेर आले. तिसरं गेट मासळी पॅक करून बाहेर पाठवणाऱ्या कंपनीचं. तिथला वॉचमन वयस्कर, खिशावर गंगाराम नावाची पट्टी.

"काका, एक मुलगी, निळा ड्रेस, जवळ बाळ..."

"बाळवाल्या मॅडम होय? आत आहेत. लॅबच्या मुलाखती चालल्यात आज."

मी गेटचा दांडा धरला. "बाळ?"

"बाळ पण आत. मी म्हटलं ठेवा माझ्याकडे, मलाही नातवंडं आहेत. पण दिलं नाही हो त्यांनी. फोन दिला, बाळ नाही दिलं." त्याने टेबलावरचा ट्रे दाखवला. त्यात दहाबारा मोबाइल, त्यात ज्ञानेश्वरीचा तो तडा गेलेला. "आत फोन न्यायचा नाही, बंद करून इथेच ठेवायचा. नियम आहे."

मी माझाही फोन बंद करून ट्रेमध्ये टाकला आणि आत धावले. कॉरिडॉर ओला होता, क्लोरीनचा आणि मासळीचा वास. शेवटच्या खोलीच्या दाराला काच होती. काचेतून मला आधी पिवळी टोपी दिसली.

मनस्वी ज्ञानेश्वरीच्या मांडीवर बसली होती आणि तिच्या ओढणीचं टोक चावत होती. टेबलापलीकडे पांढऱ्या कोटातल्या एक बाई काहीतरी विचारत होत्या. ज्ञानेश्वरी बोलत होती, एका हाताने मनस्वीच्या पोटाला घट्ट धरून. दुसऱ्या हाताने हवेत काहीतरी आकृती काढून दाखवत होती. मला दार ढकलता येईना. मुलगी समोर दिसत होती, जिवंत होती, तरी भीती उतरेना. तेवढ्यात मनस्वीने मान वळवली, मला बघितलं आणि भोकाड पसरलं.

मग मी आत होते आणि मनस्वी माझ्या खांद्यावर. ज्ञानेश्वरी उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक.

"ताई, मी सांगितलं होतं... कॅमेऱ्यात... दोन तासांत येते म्हणून..."

"त्याला आवाज नाहीये," मी म्हटलं. माझा स्वतःचा आवाज मला ओळखू येईना. "आवाज नाहीये त्याला!"

"तुम्हीच आई का?" कोटातल्या बाई म्हणाल्या. त्या लॅबच्या प्रमुख, कोटावर सुरय्या असं नाव. "तिने आल्या आल्या सांगितलं, बाळ माझं नाही, मी सांभाळते. तुम्हाला माहीत नव्हतं, हे मात्र नाही सांगितलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता आलाच आहात तर सांगा. तीन महिने तुमच्याकडे आहे म्हणते. कशी आहे कामाला?"

ज्ञानेश्वरीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. काय येणार ते तिला कळलं होतं.

"मला न विचारता माझं मूल घेऊन आली," मी म्हटलं. "मी मरायची बाकी राहिले होते."

सुरय्या मॅडम वाट बघत होत्या. मी मनस्वीच्या पाठीवरून हात फिरवत होते. अंग कोरडं, लंगोट नुकताच बदललेला, टोपीची नाडी हनुवटीखाली अलगद बांधलेली. गळ्याला काचू नये म्हणून ती नाडी अशी सैल कशी बांधायची, ते ज्ञानेश्वरीनेच मला दाखवलं होतं.

"आणि तिने काल सुट्टी मागितली होती. मी दिली नाही." "तीन महिन्यांत एकदाही उशिरा आलेली नाही. बाळाला कुणाच्या हातात देत नाही. गेटवरच्या काकांना विचारा."

"कळवतो आम्ही," सुरय्या मॅडम म्हणाल्या. त्या ज्ञानेश्वरीकडे बघत होत्या की माझ्याकडे, कळलं नाही.

गेटवरून फोन घेऊन परतीला आम्ही तिघी एकाच रिक्षेत. मनस्वी माझ्या मांडीवर, आणि तिला मी इतकं आवळून धरलं होतं की ती कण्हायला लागली.

"ताई, आवडलं नसेल तर उद्यापासनं नाही येत."

"उद्या मी तिला कुठे ठेवू?" माझ्या तोंडून ते रागानेच निघालं, पण मला खरंच विचारायचं होतं. तिला ही नोकरी लागली तर मी काय करणार होते?

ज्ञानेश्वरी ओढणीचं ओलं टोक पिळत होती. "लागली तरी लगेच नसते ताई. महिना तरी मिळेल. बाळाला सांभाळशील का म्हणून मावशीला विचारते मी. तुम्ही या एकदा तिच्याकडे, बघून जा."

फोन वाजला. गुरुप्रसाद सर. कागद मेलवर गेले नव्हते. ज्ञानेश्वरीने हात पुढे केले. "द्या तिला, तुम्ही बोला." तिच्याकडे मी बघितलं. हात पुढे तसेच होते. मनस्वीही तिच्याकडे झेपावली. मला नाही देता आलं. मूल एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"सर..."

"कशा आहेत सासूबाई?" सरांच्या आवाजात तोच खोचकपणा.

मी उत्तर जुळवत होते. डॉक्टर, बीपी, सलाइन. तेवढ्यात मनस्वीने दोन्ही हातांनी फोन ओढला, तोंडाला लावला आणि मोठ्याने ओरडली, "आऽऽता! ता! ता!"

फोन मी परत कानाशी नेला.

"कोण आहे ते?" सर म्हणाले.

समोर आमच्या कंपनीचं गेट दिसत होतं. पल्पचा गोड वास रिक्षेत शिरला होता.

"माझी मुलगी आहे सर," मी म्हटलं. "अकरा महिन्यांची. सासूबाई घरी नसतात."

फोन कट झाला की काय म्हणून बघितलं. चालू होता. ज्ञानेश्वरीने रिक्षावाल्याला हळूच सांगितलं, "जरा बाजूला घ्या." रिक्षा गेटसमोर थांबली आणि मी फोन कानाला धरून सर काय म्हणतात याची वाट बघत राहिले.