बारशाआधी गेलेली

दोन हजार सहाच्या सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सुनेत्रा आईला आणायला गेली, तेव्हा वसुधाबाई चष्मा कपाळावर सरकवून नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. अमेरिकेत श्रूजबरीला नवऱ्याबरोबर लेकीकडे राहायला आल्यापासून त्या शेजारच्या शहराच्या दप्तरखान्यात फुकट काम करत. गिरणी कामगारांच्या एका वस्तीतल्या जुन्या मृत्यूनोंदी कम्प्युटरवर उतरवायच्या.

"एकोणीसशे चोवीसचा ऑगस्ट संपला," गाडीत बसताना त्या म्हणाल्या. "एकोणतीस पोरं. बहुतेक जुलाबानं. सात जणांना नावच नाही, म्हणून मी त्यांच्या आयांची नावं लिहिते. तिथली बाई चिडते. चिडू दे." आणि लगेच, "भेंडी घ्यायचीय."

सुनेत्राला तेव्हा विचारता आलं असतं. तिच्याआधी आईला एक मुलगी झाली होती, नागपूरला. नवव्या दिवशी धनुर्वातानं गेली. हे लतिकामावशीनं तिला पंधराव्या वर्षी सांगितलं होतं. बारसं झालं नव्हतं म्हणून नाव नाही. नाव नाही म्हणून घरात विषयही नाही. आई कधी बोलली नाही आणि सुनेत्रानं कधी विचारलं नाही. याही वेळी तिनं भेंडी तेवढी घेतली.

शुक्रवारी सकाळी आई स्वयंपाकघरात कोसळली, ती उठलीच नाही.

तेराव्याला घर भरलं. प्रतापकाका इथल्या मराठी मंडळाचे तीनदा अध्यक्ष झालेले. बोलायच्या आधी काही माहीत असावं लागतं, असं त्यांना एकदाही वाटलेलं नव्हतं.

"वहिनींची हॉबी मात्र अजब हं," लाडू मोडत ते म्हणाले. "लोक गार्डनिंग करतात, या मेलेली पोरं टाइप करायच्या!"

दोघंतिघं हसले. तेराव्याला जेवढं हसणं शोभतं, अगदी तेवढंच.

"तेव्हाचे लोक तसेच हो," रीमाकाकू म्हणाल्या. "हायजीन झीरो. दरवर्षी एक पोर. एखादं गेलं तर त्या बायकांना कळत तरी असेल का?"

मागच्या वर्षी कुत्रा गेला म्हणून रीमाकाकूंनी घरची दिवाळी पार्टी कॅन्सल केली होती आणि सगळ्यांना तसं रडत रडत फोनवर कळवलं होतं. सुनेत्रा रिकामे कप गोळा करत राहिली.

"एकनाथराव, तुम्ही लकी," प्रतापकाका बाबांकडे वळले. "मुलगा सेटल्ड, मुलगी सेटल्ड."

बाबांनी मान डोलावली. चारचौघांत ती नेहमीच डोलायची.

"देवाची कृपा. आमच्याकडे असलं काही झालं नाही. दोन झाली, दोन्ही जगली."

आई असती तर चहा गाळायच्या निमित्तानं उठून आत गेली असती. सुनेत्रानं हातातले कप टेबलावर ठेवले.

"तीन, बाबा," ती म्हणाली. "आईला तीन मुलं झाली. पहिली मुलगी होती, नऊ दिवसांची. ती माझी ताई होती."