बंद इमारत

सायबर पथकात कायदा बघणाऱ्या बाईंना सगळे आत्याबाई म्हणत, कारण प्रत्येक हल्ल्याआधी त्या नको तिथे नाक खुपसत. पगार त्यांना त्याचाच होता म्हणा. शत्रूचं काय बंद पाडायचं ते साहेब ठरवत, आणि कसं पाडायचं ते मुंगळा. हा प्रोग्रॅम लिहिणारा गडी एकदा कामाला चिकटला की सुटत नसे. त्यात एखादा दवाखाना, एखादी शाळा नाहक भरडली जाणार नाही ना, हे तपासून आत्याबाई सही करत. त्या सहीशिवाय पान हलत नसे.

आजची सही सकाळीच झाली होती. दुपारी चारला शत्रूच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची वीज जाणार होती, आणि मुंगळ्याचा प्रोग्रॅम तिकडे जाऊन दबा धरून बसलाही होता. त्याच तारेवर आणखी एक मोठी इमारत होती. पण मुंगळ्याने गेला आठवडाभर नजर ठेवली, तेव्हा तिथे एक युनिटसुद्धा वीज जळत नव्हती. कागदावर 'बंद इमारत' असं लिहिलं गेलं आणि आत्याबाईंनी मान डोलावली.

अडीचला डबा खाताखाता त्या शत्रूच्या गावचं वर्तमानपत्र संगणकावर चाळत होत्या. सासूबाईंसारखी त्यांनाही पेपर शेवटच्या पानापासून वाचायची खोड होती. कोपऱ्यात एका रुग्णालयाची सूचना होती: वीज नसल्याने पंधरा दिवस थांबलेलं डायलिसिस आजपासून पुन्हा सुरू. पत्ता त्याच इमारतीचा. त्यांनी डबा बाजूला सारला.

पंधरा दिवसांपूर्वी शेजारचं रडार बंद पाडताना, रडार आणि ती इमारत ज्या फाट्यावर होती त्याची वीज ह्याच पथकाने तोडली होती. आपणच घरातला दिवा मालवायचा आणि वर आपणच म्हणायचं, इथे कोणी राहत नाही.

त्या तशाच खरकट्या हाताने साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, सही माझी आहे आणि ती चुकली आहे. साहेब भडकले. प्रोग्रॅम थांबवायला पुन्हा आत शिरावं लागेल, शिरलो की पकडले जाऊ, तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल. शिवाय त्या कारखान्यातले गोळे आपल्याच माणसांवर पडतात, हेही त्यांनी ऐकवलं. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, आत्याबाईंनाही ते ठाऊक होतं.

"किती पेशंट असतील तिथे आत्ता?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"माहीत नाही. पंधरा दिवसांचे खोळंबलेत, एवढं कळलंय."

साहेबांनी कपाळ चोळलं. मग ते मुंगळ्याकडे वळले. "काढ बाहेर."

पुढची चाळीस मिनिटं मुंगळ्याची बोटं कीबोर्डवर चालत होती. तीन चाळीसला मुंगळा खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, पुसलं सगळं, आपला रस्ता मात्र त्यांनी बंद केला. आत्याबाई मिळेल त्या खुर्चीत बसल्या. चार वाजले आणि काहीच घडलं नाही. काहीच न घडण्याचा इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. आत्याबाईंच्या नाकाचा आता विमा उतरवा, असं मुंगळा म्हणाला, तेव्हा डोळे पुसतपुसत त्याही हसल्या.

चहा संपल्यावर त्यांनी कपाटातून पंधरा दिवसांपूर्वीचा, रडारचा कागद काढला. सही त्यांचीच होती. 'सामान्य लोकांचं नुकसान' ह्यापुढचं 'नाही' त्यांनी खोडलं आणि लिहिलं: 'झालं. त्या तारेवर आणखी कोण आहे, हे मी विचारलं नव्हतं.'

साहेबांनी ते वाचलं, त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि 'मी' खोडून 'आम्ही' केलं.