चार बोटं गॅस

"आक्का, गळती कुठंच न्हाय," साबणाच्या पाण्याचा फडका पिळत बाबगोंडा म्हणाला.

गोबरगॅसची टाकी बघायला मनुबाईंनी त्याला सदलग्याहून बोलावून घेतलं होतं. काल संध्याकाळी शेणकाल्यावर तरंगणाऱ्या त्या लोखंडी टाकीवर, खड्ड्याच्या कठड्याच्या बरोबरीनं, त्यांनी खडूची रेघ मारली होती. शेगडी पेटवली नव्हती, तोटी बंद होती. तरी सकाळी टाकी चार बोटं खाली, म्हणजे तेवढा गॅस कमी.

हे उतरणं त्यांच्या ओळखीचं होतं. नऊ वर्षांपूर्वी अशाच थंडीत ती उतरली, तेव्हा टाकी दोन घरांत होती. त्यांच्या आणि थोरल्या जावेच्या, राजाबाईंच्या. मनुबाईंनी डेअरीच्या रांगेत, सगळ्या बायकांसमोर जावेला चोर ठरवलं. मी हात लावला नाही, एवढंच राजाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी गॅस सोडला, लाकडं फुंकत राहिल्या. पण टाकी दर थंडीत उतरतच राहिली, म्हणून मनुबाईंना ते सोंग वाटलं. दोघी पुन्हा बोलल्या नाहीत.

गेल्या महिन्यात राजाबाई वारल्या. त्यांची नळी काढून, घराला कुलूप घालून मुलगा बेळगावला गेला. आता गॅस न्यायला दुसरं कुणी नव्हतंच.

बाबगोंडा ऊन चढेपर्यंत थांबला. तोटीला कुणी हात लावला नाही. दुपारी टाकी आपोआप वर आली, रेघ कठड्याला लागली.

"टाकीचं वजान हाय तेवढंच, म्हंजे दाब बी तेवढाच," त्यानं समजावलं. "ऊन लागलं की आतला गॅस फुगतोय, टाकीला उचलतोय. गारठ्यानं आकसला की टाकी खाली बसती. थंडीत नवा गॅस बी लई होत न्हाय. कुनी न्हेत न्हाय, आक्का."

मनुबाईंनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तो कधी निघून गेला, त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी त्या दुधाची किटली न घेताच डेअरीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

"राजाक्कानं गॅस न्हेला न्हवता," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

शेजारच्या रुक्माबाईंनी किटली खाली ठेवली.

"आमाला ठावं व्हतं की गं," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्यास्नी."

मनुबाई तिथंच उभ्या राहिल्या. मागच्या बायका त्यांना वळसा घालून एकेक करत पुढं सरकत गेल्या.