आधीच जाहीर झालेलं जेवण

आमच्या नागपुरात उंच म्हणावं असं काय आहे? उड्डाणपूल. तरी इथे एक गिर्यारोहण क्लब आहे, आणि त्याचा तोरा असा की हिमालय जणू यांच्याच मागच्या अंगणात आहे. माझा धाकटा भाऊ अंकित त्या क्लबात होता. सप्टेंबरात तो हिमाचलातल्या एका शिखरावर गेला आणि परत आला नाही.

या क्लबात अधूनमधून वक्त्याचं जेवण असतं. शिखर चढून आलेल्याने फोटो दाखवत बोलायचं, मग सगळ्यांनी जेवायचं. खोड एवढीच की वक्त्याचं नाव मोहीम निघण्याआधीच जाहीर करतात. अध्यक्ष भैयाजींचं म्हणणं, तारीख ठरली की पाय मागे वळत नाहीत. एक बिचारा अर्ध्यातून परतला, तर त्यालाही ठरल्या दिवशी उभं केलं आणि 'आज न चढलेल्या शिखराविषयी ऐकू' म्हणून सगळ्या हॉलला हसवलं. तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. अंकितच हे आम्हाला हसत सांगायचा.

अंकितचं जेवण नोव्हेंबरात ठरलं होतं. आता ते रद्द होईल असं मला वाटलं. पण भैयाजींचा फोन आला: हॉल घेतलाय, आचाऱ्याला सांगून ठेवलंय, तर त्याच्या आठवणीत करू, पियूष बोलेल. पियूष म्हणजे अंकितसोबत एकाच दोरावर चढणारा. गेले दोघं, उतरला हा एकटा. मला त्याचं तोंडही पाहायचं नव्हतं.

आईला मात्र पाहायचं होतं. नंदनवनहून प्रताप नगरच्या त्या हॉलपर्यंत ती माझ्या स्कूटीवर मागे बसून आली. पियूष परतला तर अंकित का नाही, एवढंच तिला हवं होतं. आम्हाला सगळ्यांनी 'हवामान' म्हणून सांगितलं होतं. हवामान काय एकट्या अंकितवरच बिघडलं होतं?

पियूषने बर्फ दाखवला, तंबू दाखवले, अंकितचा हसरा फोटो दाखवला. शेवटचा दिवस त्याने दोन वाक्यांत गुंडाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टाळ्या थांबायच्या आत भैयाजींनी पुढचं जेवण जाहीरही केलं: जानेवारीत हर्षित. बँकेत नोकरी करणारा हर्षित उठला, नमस्कार करून बसला. त्याची मोहीम अजून निघायची होती.

सांबारवडी वाढायला घेतली. आईने ताट घेतलं नाही. ती सरळ पियूषसमोर जाऊन उभी राहिली.

"बेटा, तो तुह्यासंगं वापस काहून नाही आला?"

पियूषने ताट खाली ठेवलं. भैयाजी लगबगीने आले. "गोपिकाताई, लोकं जेवून राहिले. हे नंतर बोलू."

"मले आत्ताच आयकाचं आहे."

पियूष खाली बघतच बोलायला लागला. "काकू, ढग येऊन राहिले होते. मी म्हटलं, चाल वापस. तो म्हणे, तू जा. माहं जेवण जाहीर झालं, लोकाइसमोर उभा राहून काय सांगू? मी लय ओढलं त्याले. त्यानं दोर सोडून घेतला."

"अन् तू कसा आला मंग?"

"माहं नाव कुठंच नव्हतं, काकू."

इतके दिवस मी या पोराला मनातल्या मनात शिव्याशाप दिले होते. त्याची मला लाज वाटली. त्या लाजेपेक्षा मोठा राग आला.

आई भैयाजींकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"माहं लेकरू पहाडाले नाही भेलं, भैयाजी. तुमच्या जेवणाले भेलं."

जवळपासच्या लोकांनी जेवणं थांबवली. लांबचे जेवतच होते. भैयाजी काही तरी समजावत राहिले; ते तिने ऐकलं नाही. ती टेबलांमधून वाट काढत हर्षितपाशी गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ढग आले तर अर्ध्यातून वापस येशील ना गा?"

हर्षितने आधी भैयाजींकडे पाहिलं.