एका पंगतीतले दोन पिंजरे

पावडर खोटी असावी, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. मोतीरामकाका ती त्यांच्या वणीच्या दुकानातून आणायचे आणि आमच्या मच्छीमार सोसायटीत सांगायचे, "हिने मासा लवकर वाढतो, आत चरबी धरत नाही." सगळ्या पिंजऱ्यांसाठी पोती घ्यायची की नाही, हे माझ्या तपासणीवर ठरणार होतं. म्हणून धरणातल्या शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांत मी सारखेच चिलापी मासे सोडले. एका पिंजऱ्याला पावडर चोळलेलं खाद्य, दुसऱ्याला नुसतं. खाद्य टाकायचं काम सरूबाईचं.

सोसायटीच्या सभेच्या आदल्या आठवड्यात दोन्हीकडचे मासे चिरले. पावडर खरी असेल, तर नुसत्या खाद्यावरच्यांचं यकृत पिवळट, तेलकट निघायला हवं होतं. पण दोन्हीकडे ते तांबूस आणि घट्ट होतं. वजनंही सारखीच.

"म्हणजे पावडरीत काही नाही," मी म्हणाले.

"पल्लवी, चार लोकांत मला खोटं पाडायच्या आधी नीट बघ," काका म्हणाले. त्यांचा उतरलेला चेहराही मला नाटकीच वाटला.

पावडरीचं पोतं बाजूला सरकवायला गेले, तर ते फारच हलकं लागलं. निम्मं तरी उरायला हवं होतं. आता संशय सरूबाईवर. घरी कोंबड्यांना नेत असेल का?

दुसऱ्या दिवशी तिच्या आधी पिंजऱ्यांजवळच्या तराफ्यावर जाऊन मी जाळ्यांच्या ढिगामागे बसले. सरूबाई आली. तिने दोन घमेल्यांत खाद्य ओतलं, पाण्याचा हबका मारला आणि दोन्हींना पावडर चोळली.

मी उठले. "त्या पिंजऱ्याला नुसतं द्यायचं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं," ती हात न थांबवता म्हणाली. "पर ताई, एकाच पंगतीत एकाला तूप वाढायचं न् शेजारच्याला कोरडं? माझ्याच्यानं नाय व्हायचं. जाळीला तोंड लावून बघत ऱ्हातात ते."

"मासे आहेत ते, सरूबाई."

"मंग तुमीच वाढा. मी न्हाई बघायची त्यांच्याकडं."

चोरी नव्हती. पण तुलनेलाही काही उरलं नव्हतं. पावडर खरी की खोटी, मला अजूनही माहीत नव्हतं. सभेत तेवढंच सांगितलं आणि पोत्यांचा निर्णय पुढे ढकलला गेला.

नवी चिलापी सोडली तेव्हा सरूबाईला दोन सारखे डबे दिले, एकेका पिंजऱ्याचा एकेक. एकात पावडर होती, दुसऱ्यात तांदळाचं पीठ.

"दोन्हीत औषधच आहे," मी म्हणाले.

तिने एक डबा हुंगला. मग दुसरा, पिठाचा. त्यातली चिमूट जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.