सासूबाई पडल्या कुठे?

सासूबाई पडल्या वाचनालयाच्या पायरीवर, असं त्यांनी घरी सांगितलं. उजवं मनगट मोडलं होतं, प्लास्टर कोपरापर्यंत चढलं होतं. आवाजाला मात्र काही म्हणता काही झालं नव्हतं.

"मी त्या वाचनालयवाल्यांना सोडणार नाही!" असं म्हणून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

सून वकील होती. गेली सहा वर्षं सासूबाई तिच्या कामाला 'हिचं ते कोर्ट' म्हणत. आज मात्र शेजारची खुर्ची पुढे सरकवून म्हणाल्या, "बस बाई. माझी केस लिहून घे."

सुनेनं वही काढली. कोणती पायरी, किती वाजता, कुणी पाहिलं? सासूबाईंनी पायरीच्या कडेची भेगसुद्धा वर्णन करून सांगितली. तिथेच सुनेला शंका आली. पडणारा माणूस इतकं निरखून पडत नाही.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली. ग्रंथपाल चष्म्यावरून बघत म्हणाले, "पायऱ्या? अहो, इथे रस्त्यावरून सरळ आत यायचं. आणि तुमच्या सासूबाई चार महिन्यांत इकडे फिरकलेल्या नाहीत. बागकामाचं पुस्तक तेवढं परत करायला सांगा."

घरी येऊन सून म्हणाली, "आई, नोटीस तयार आहे. फक्त वाचनालयाला आधी पायऱ्या बांधून घ्याव्या लागतील."

सासूबाई बराच वेळ प्लास्टरवरचा धागा उपटत बसल्या. मग म्हणाल्या, "हे कुठे आहेत?"

"बाबा फिरायला गेलेत."

"दार लोटून घे."

त्या पडल्या होत्या कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये. अकरा वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी त्या तिथे केस रंगवायला जात होत्या. 'आमच्या माहेरी केस पिकतच नाहीत' हे अख्ख्या इमारतीला तोंडपाठ होतं. यावेळी केस धुवायच्या बेसिनचा पाइप गळत होता. पार्लरवालीनं खाली टॉवेल टाकला होता. तो भिजून शेवाळासारखा झालेला, त्यावर सासूबाईंचा पाय पडला.

"कोर्टात पहिलाच प्रश्न येईल, तिथे कशाला गेला होतात," सून म्हणाली.

"तिची ख्यालीखुशाली विचारायला."

"दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी?"

सासूबाई पुन्हा प्लास्टरचा धागा उपटायला लागल्या. सुनेला थोडी गंमत वाटली, तरी तिनं ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही. "कोर्टाशिवाय मिटवू," ती म्हणाली. "पण यापुढे वकिलाशी खोटं बोलायचं नाही."

पार्लरवालीनं आधी हात झटकले. "चप्पल त्यांचीच घसरडी होती." सुनेनं गळक्या पाइपचे फोटो काढले आणि नळकाम करणाऱ्याला गाठलं. पाइप गळतोय हे त्यानं तीन आठवड्यांपूर्वीच कळवलं होतं, आणि 'पुढच्या महिन्यात बघू' हे पार्लरवालीचं उत्तर त्याच्या फोनवर तसंच होतं. ते वाचून दाखवल्यावर पार्लरवालीचे डोळे भरून आले. "चुकलं माझं."

करारपत्र झालं. दवाखान्याचा आणि फिजिओथेरपीचा खर्च तिनं द्यायचा, पाइप बदलायचा, रबरी चटई घालायची. शेवटचं कलम सासूबाईंनी स्वतः सांगून घातलं: 'भेटीच्या कारणाची वाच्यता कुणीही करू नये.'

साक्षीदार म्हणून सही हवी होती. सासऱ्यांशिवाय दुसरं कुणी घरात नव्हतं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि पेन मागितलं.

"हे शेवटचं कलम कशाला? अकरा वर्षं उशीच्या अभ्र्यावर डाग बघतोय मी."

"मग बोलला का नाहीत?" सासूबाई कडाडल्या.

"अगं, तुला बरं वाटायचं ना. मला काय त्रास होता?" त्यांनी सही ठोकली.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दोघं बरोबरच निघाले. सासऱ्यांनी त्यांचा डावा हात धरला होता, आणि खाली फाटकापाशी भेटलेल्या शेजारणीला सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "पार्लरला चाललोय. येतेस का?"